शिवारातल्या गप्पा : पोरीचा फुटबॉल

शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने लागले की आपण एस.टी. धरतो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 मध्ये सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेत खेळला. 2022 मध्ये मुलींच्या तशाच स्पर्धेसाठी पुण्याची काजोल डिसोझा भारताच्या संघात होती. मुलींची राष्ट्रीय लीगही 2016-17 च्या हंगामात सुरू झाली. म्हणजे पोरींनाही वाट आहे.

मात्र खेळाचं वय थोडं. शिक्षणाचा आडसाली ऊस उभा ठेवा, त्यात फुटबॉलचा भुईमूग घ्या. गुडघा दुखावला तरी ऊस हाती राहतो. दहावी झाली की लग्नाची घाई नको. वाफसा गेल्यावर पेरणी साधत नाही.

मधल्या फळीतल्या पोरीला नव्वद मिनिटं धावायचं असतं. डेअरीला दूध घालण्याआधी एक पेला तिच्यासाठी काढून ठेवा.