पिशवीवर पान छापलं म्हणून ती पान होत नाही!

मित्रांनो, रविवारी बाजारात कालवं घेतली. मावशींनी ती पातळ पिशवीत घालून दिली. पिशवीवर हिरवं पान छापलेलं. "ही विरघळते हो दादा, चालते ही," मावशी म्हणाल्या. त्यांचा दोष नाही. पिशव्या विकणाऱ्याने त्यांना हेच सांगितलंय.

पण खरं काय ते ऐका. कंपोस्टेबल पिशवी पास होते ती सुमारे ५८ अंश तापमानाच्या खतात, १८० दिवसांच्या चाचणीत. आपल्या कामवारीत ५८ अंश कुठून आणणार? नाल्यात पडलेली अशी पिशवी लवकर कुजत नाही, तिचे बारीक तुकडे होतात. ते तुकडे नदीतून खाडीत जातात आणि भरती-ओहोटीबरोबर फिरत राहतात.

त्यात हे आपलं भिवंडी. डाइंग-सायझिंगचं पाणी कुठे जातं, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. प्लास्टिकचा तुकडा पाण्यातली रसायनं, धातू स्वतःला चिकटवून घेतो. काही प्रयोगांत तर झिजलेलं 'बायो' प्लास्टिक साध्या प्लास्टिकपेक्षा जास्त रसायनं धरताना दिसलंय, कारण झिजल्यावर ते खडबडीत होतं. म्हणजे पिशवी गेली, पण रसायनांची हमाली सुरू झाली!

कालवं, तिसऱ्या पाणी गाळूनच पोट भरतात. तुकडा आत, त्यावरचं रसायनही आत. मासळी आपण साफ करून पोट काढून टाकतो. तिसरी मात्र पोटासकट खातो.

मार्च २०२४ च्या केंद्राच्या नियमांनुसार 'बायोडिग्रेडेबल' म्हणजे मायक्रोप्लास्टिक मागे न ठेवता नष्ट होणारं. कंपोस्टेबल हा वेगळा प्रकार. मग बाजारात पान छापलेली प्रत्येक पिशवी 'विरघळणारी' म्हणून कशी खपते?

महापालिकेला माझा सवाल आहे: हातगाडीवाल्याला दंड करता, मग घाऊक व्यापाऱ्याकडे प्रमाणपत्र का मागत नाही? आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने खाडीच्या पाण्याबरोबर खाडीतली कालवंही तपासावीत. निकाल मराठीत, बाजारात लावावेत. उद्या लोकांनी घाबरून कालवं घेणं सोडलं, तर पोट मावशींचंच मारलं जाणार, व्यापाऱ्याचं नाही.

कोणी म्हणेल, मग जुनी प्लास्टिकची पिशवी बरी का? अजिबात नाही! अहो, रात्रंदिवस लूमचा खडखडाट ऐकणारं हे गाव. देशाला कापड पुरवतो आपण, आणि बाजारात जाताना आपल्याकडे एक कापडी पिशवी नसावी?

पटलं तर शेअर करा.