न दिसणारी शिदोरी

वाशिष्ठी नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे तिच्या उत्तर तीरावर दाभोळ हे प्राचीन बंदर वसले आहे. बहमनी राजवटीत येथून इराणच्या आखाताकडे गलबते जात असत. आता परदेशी जाणारा दाभोळकर मुंबईला जाऊन विमान गाठतो. जाण्यापूर्वी त्याच्या घरी मोठी लगबग उडते. आई पापड, लोणचे, कोकम आणि मेतकूट बांधून देते. वडील पैशांची जुळवाजुळव करतात. शेजारीपाजारी निरोप द्यायला येतात. पेटी काठोकाठ भरते. परंतु एक शिदोरी बहुधा भरायची राहून जाते. ती डोळ्यांना दिसत नाही आणि तिचे ओझेही होत नाही. ती म्हणजे ज्या देशी जावयाचे, त्याविषयीचे खरे ज्ञान.

या शिदोरीचे मोल काय, हे दाभोळच्याच एका जुन्या प्रवाशाच्या कथेवरून कळते. रशियातील त्व्हेर नगराचा अफानासी निकितिन हा व्यापारी पंधराव्या शतकात हिंदुस्थानात आला. वाटेत व्होल्गा नदीच्या मुखाजवळ लुटारूंनी त्याचा माल आणि ग्रंथ लुटले. तरीही एक घोडा बरोबर घेऊन तो चौलला उतरला. हिंदुस्थानात रशियाच्या उपयोगाचा माल विपुल मिळतो, असे त्याला इतर व्यापाऱ्यांनी सांगितले होते. प्रत्यक्षात मिरी आणि रंग स्वस्त होते. पण रशियाला नेण्याजोगे दुसरे काही त्याला आढळले नाही. शिवाय जकात जबर होती आणि समुद्रावर चाचे होते. जुन्नरच्या अधिकाऱ्याने त्याचा घोडाही काढून घेतला. तो एका भल्या माणसाच्या रदबदलीने परत मिळाला. अखेर सुमारे १४७२ साली निकितिन दाभोळला आला आणि सोन्याची दोन नाणी भाडे देऊन होर्मुझला जाणाऱ्या गलबतात चढला. स्वदेशाच्या वाटेवर असतानाच त्याला मृत्यू आला.

निकितिन शूर होता, कष्टाळू होता. पण ऐकीव गोष्टीवर विसंबल्यामुळे त्याचा व्यापार फसला. मात्र त्याच्यापाशी दोन मोठे गुण होते. तो परक्यांची भाषा बोलत असे आणि स्वतःविषयी खरे सांगत असे. बीदरच्या हिंदूंना त्याने आपला धर्म मोकळेपणाने सांगितला. तेव्हा त्यांनीही आपले खाणेपिणे, व्यापार आणि पूजाअर्चा यांतील काही त्याच्यापासून लपविले नाही. सोने देऊनही जे मिळाले नसते, ते त्याला सरळपणामुळे मिळाले.

कोणी म्हणेल, तेथे गेल्यावर सारे आपोआप कळते. कळते हे खरे; पण त्या शिक्षणाची किंमत फार पडते. जे घरी बसून चार जाणत्यांना विचारून समजले असते, ते परक्या मुलखात ठेच लागल्यावर का शिकावे?

दापोली तालुक्यातीलच मुरुड या गावाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण येथे आठवते. जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली. तिच्यापासून प्रेरणा घेऊन त्यांनी १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ स्थापन केले. पुढे १९२९ साली, वयाची सत्तर वर्षे उलटल्यावर, ते युरोप, अमेरिका आणि जपानच्या प्रवासास निघाले आणि ज्याच्याविषयी वाचले होते ते विद्यापीठ त्यांनी तोकियोत जाऊन पाहिले. काय पाहावयाचे आणि आपल्या कार्याविषयी काय सांगावयाचे, हे ठाऊक असलेल्या माणसाचा तो प्रवास होता.

आज कोकणातून अनेक तरुण नोकरीसाठी आखाती देशांत जातात. त्यांच्या पेटीतील सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे करारपत्र. काम कोणते, पगार किती, सुट्टी केव्हा, आजारपणात खर्च कोणाचा, हे त्यात लिहिलेले असते. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्या एजंटाची सरकारी नोंदणी असली पाहिजे, असा दंडक १९८३ च्या कायद्याने घातला. तरीही कित्येकदा तोंडी आश्वासनावर भरवसा ठेवून, न वाचताच सही केली जाते. निकितिनने केली ती चूक पाचशे वर्षांनंतरही का व्हावी?

येथे घरातील शाळकरी मुलामुलींनाही पुष्कळ करता येईल. दादा ज्या देशी जाणार तो नकाशात शोधावा. तेथील हवा, नाणे आणि चालीरीती यांची माहिती मिळवावी. तेथील भाषेतील दहावीस शब्द दादाबरोबर पाठ करावे. करारपत्र जाणत्या माणसापुढे बसून मोठ्याने वाचावे आणि न कळलेला शब्द विचारावा. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता फसण्यात हानी आहे.

आईने दिलेले लोणचे महिन्याभरात संपेल. ही शिदोरी मात्र वापरल्याने वाढत जाईल. आणि ती बांधण्यासाठी तिकीट हाती येण्याची वाट पाहावी लागत नाही.