बेत म्हणजे वाङ्मय नव्हे?

स्वीडनच्या डोंगरात स्की घालून, पतंगाच्या ओढीने बर्फावरून घसरत जायचा बेत कुणी लिहिला, तर आपले समीक्षक त्याला ‘निव्वळ माहिती’ म्हणून बाजूस सारतील. आबिस्को ते हेमावान ही ‘कुंग्सलेडन’ वाट सुमारे ४४० किलोमीटरची; वारा किती, उजेड किती तास, पुढचा निवारा कुठे, हे हिवाळ्यात तिथे जगण्यामरण्याचे प्रश्न. आम्हांला मात्र हवीत शुभ्र शिखरे आणि लेखकाचे गहिवर! रिद्धपूर आपल्याच अमरावती जिल्ह्यात. चक्रधरांच्या भ्रमणातली गावे, देवळे, दिशा, मुक्काम नोंदवणारी महानुभावांची ‘स्थानपोथी’ आपण प्राचीन गद्य म्हणून गौरवतो (वाचतो किती, हा प्रश्न वेगळा). मग अकोल्याच्या विद्यार्थ्याने प्रवासलेखनात वाऱ्याचा वेग मांडला, की त्याचे गुण कोणत्या निकषावर कापायचे?