मामा कुठे उभा राहणार?

घटस्फोटित किंवा विधवा नवरीच्या लग्नाची चौकशी आली, की आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, ‘साधंच करायचं ना?’ नवरदेव बिजवर आणि नवरीचं पहिलंच लग्न असेल, तर हा प्रश्न कोणाला सुचत नाही. तेव्हा घोडा, ढोलताशा, फुलांची चादर, कोल्ड पायरो सगळं न विचारताच कोटेशनमध्ये येऊन बसतं.

हा साधेपणा आला कुठून, ते ठाऊक असावं. ज्या जातींत बाईला दुसरं घर करता येत असे, तिथेही त्याला लग्न म्हणत नसत. ‘पाट’ किंवा ‘मोहतूर’ म्हणत. तो लागे बहुधा रात्री, मोजक्या माणसांत, वाजंत्रीशिवाय, आणि सवाष्णींनी तिकडे फिरकायचं नसे. पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला मात्र मांडव पडे. (तिसरी बायको करण्याआधी तेवढी रुईच्या झाडाशी गाठ बांधायची, की दोष संपला!) उच्चवर्णीय विधवेला तर पाटाचीही वाट नव्हती. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा. पण १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवा गोदूबाईंशी पुण्यात लग्न केलं, तेव्हाही त्यांच्या गावच्या मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलंच. म्हणून साधेपणा नवरीने मागितला तर जरूर करावा. आपण सुचवू नये.

आता मुख्य अडचण, प्रवेशाची. आपली ठरलेली रीत म्हणजे नवरी गौरीहरापाशी बसलेली, मामा तिला बोहल्यावर आणतो, मग अंतरपाट. चाळिशीच्या नवरीचा मामा सत्तरीपुढचा, गुडघ्यांनी बेजार; किंवा राहिलेलाच नसतो. शिवाय दहा वर्षं स्वतःचं घर चालवलेल्या बाईला कोणी ‘आणून सोडावं’ हेच अनेकींना पटत नाही. गुरुजींनी इथे अडून बसायचं कारण नाही. हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम रूढीप्रमाणे होणारे विधी आणि जिथे असेल तिथे सप्तपदी यांबद्दल बोलतं. कन्यादान आवश्यक नाही, असं अलाहाबाद उच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये सांगितलं आहे. मामाचा तर प्रश्नच येत नाही.

आमचं मत विचाराल तर दोघांनी मिळून, दारापासून बोहल्यापर्यंत चालत यावं. पण मग अंतरपाटाचं काय? हातात हात घालून आलेल्यांच्या मध्ये दोन मिनिटांनी कापड धरलं की मांडवात हशा पिकतो. तेव्हा आधी अंतरपाट हवा की नको ते विचारा, प्रवेश नंतर ठरवा. हवा असेल तर दोघं सभागृहाच्या दोन दारांनी, एकाच वेळी, सारख्याच उजेडात आणि सारख्याच वाजंत्रीत येऊ देत. फोटोग्राफरला दुसरा कॅमेरा लागेल. तो खर्च आधीच सांगावा.

दिवंगत नवऱ्याचे आईवडीलच सुनेला बोहल्यापर्यंत आणतात, अशीही लग्नं आता होतात. तिथे निवेदकाला आवरा. माइकवरून ‘केवढं मोठं मन’ वगैरे सुरू झालं, की त्या दोन म्हाताऱ्या जिवांना भरल्या मांडवात मुलाच्या मरणाची आठवण काढून उभं केल्यासारखं होतं.

आणि मुलं. ‘माझ्या आईचं लग्न’ अशी पाटी धरून आठ वर्षांच्या पोराला पुढे चालवायची टूम रीलमुळे आली आहे. पाहुण्यांचे डोळे पाणावतात, पोराचं काय होतं ते कोणी विचारत नाही. विचारायचंच तर आईबाप समोर नसताना, मावशी किंवा आजीकडून विचारून घ्या, आणि लग्नाच्या दिवशी सकाळी पुन्हा. प्रवेशाची आखणी त्या मुलावाचून पार पडेल अशीच ठेवा. ऐन दारात ते मागे सरलं, तर साउंडवाल्याने गाणं थांबवायचं नाही, करवलीने त्याला ओढायचं नाही. पहिल्या रांगेत त्याच्या नावाची एक खुर्ची राखून ठेवा. दुसऱ्या कोणाला तिथे बसू देऊ नका.