शोण आणि वृषाली यांची साक्ष

आजऱ्याचे नाव बाजारपेठेत घनसाळ तांदळाच्या सुगंधाने ओळखले जाते. मराठी वाचकाला मात्र हे गाव शिवाजी सावंत यांचे जन्मस्थान म्हणून परिचित आहे. ३१ ऑगस्ट १९४० रोजी तेथे जन्मलेले सावंत पुढे कोल्हापुरात शिक्षक झाले आणि १९६७ साली त्यांची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी प्रकाशित झाली.

कर्ण हा काही अज्ञात पुरुष नव्हे. पण त्याच्या घरातली माणसे अज्ञातच राहिली होती. सावंतांनी कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण अशा सहा जणांच्या मुखांतून कथा सांगितली. त्यांतील चौघे सर्वश्रुत आहेत. धाकटा भाऊ शोण आणि पत्नी वृषाली मात्र महाभारताच्या अफाट विस्तारात जवळजवळ दिसतच नाहीत. कादंबरीत या दोघांना श्रीकृष्णाच्या बरोबरीने बोलण्याचा अधिकार मिळतो. दुर्योधनाला मित्र आणि योद्धा कर्ण ठाऊक असतो. घरातला कर्ण शोण व वृषाली यांनाच ठाऊक असतो. त्यांच्या साक्षीवाचून वीराचे चरित्र अपुरेच राहते.

जैन वाचकाला ही रचना परकी वाटू नये. वस्तू अनेकधर्मात्मक आहे, एकाच नयाने तिचे पूर्ण ज्ञान होत नाही, हीच अनेकान्ताची शिकवण. या कृतीस भारतीय ज्ञानपीठाचा मूर्तिदेवी पुरस्कार लाभला, ही घटनाही लक्षणीय आहे. साहू शांतिप्रसाद जैन व रमा जैन या दांपत्याने १९४४ साली ज्ञानपीठाची स्थापना केली. पुरस्काराला शांतिप्रसादजींच्या मातोश्रींचे नाव आहे. एरवी घरापुरतेच उरले असते, असे एका मातेचे नाव अशा रीतीने साहित्यात स्थिरावले.

आग्र्याचे जैन व्यापारी व कवी बनारसीदास यांनी १६४१ साली ‘अर्धकथानक’ या आत्मचरित्रात आपला नफा-तोटा मोकळेपणाने मांडला. व्यापार बुडून ते सासरी पोहोचले, तेव्हा पत्नीने साठविलेले २० रुपये त्यांच्या हाती ठेवले आणि आपल्या आईकडून आणखी २०० मिळवून दिले. पतीने लिहिले नसते, तर त्या स्त्रीचे हे साहाय्य आज कोणालाही कळले नसते.

पेढीच्या जुन्या वह्यांत भांडवल जमा दिसते. ते ज्या बांगड्या मोडून उभे राहिले, त्या कोणाच्या होत्या, याची नोंद तेथे नसते. दुकान सांभाळणाऱ्या धाकट्या भावाचे नावही पुष्कळदा पाटीवर नसते. हे सांगू शकणारी वडीलधारी माणसे आज अनेक घरांत आहेत. ती आहेत तोवरच त्यांच्याजवळ बसून त्यांची साक्ष लिहून घेतली पाहिजे. कुळाच्या इतिहासातील ती बाकी पुढच्या पिढीला फेडता येणार नाही.