कंचनीची गोष्ट कोण लिहून ठेवणार?

मेहकरच्या कंचनीच्या महालाची गोष्ट गावात कुणालाही विचारा. लोणारच्या देवीचा दिवा गच्चीवरून दिसावा म्हणून कंचनीने मजल्यावर मजले चढवले, असे सांगतील. पुढे तिचे काय झाले? इथे सांगणाऱ्यागणिक गोष्ट बदलते. अभ्यासकाला नेमका हा बदलच हवा असतो.

हा काय अभ्यासाचा विषय आहे, असे कुणी म्हणेल. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या स्टीफन मिचेल यांनी मध्ययुगीन स्कँडिनेव्हियातील चेटूक-मंत्रतंत्रावर 2011 मध्ये अख्खा ग्रंथ लिहिला. आपल्याकडे रा. चिं. ढेरे यांनी तर लोकदैवतांसाठी जन्म वेचला. खंडोबा, लज्जागौरी, विठ्ठल यांची मुळे शोधताना त्यांनी संस्कृत पोथी आणि बायकांची ओवी यांना एकाच पंक्तीला बसवले. ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा ग्रंथ 1984 चा, त्याला 1987 मध्ये साहित्य अकादमी मिळाली. पंढरीचा विठोबा मूळचा गवळी-धनगरांचा देव, हे त्यांचे म्हणणे अनेकांना रुचले नाही. पण पुरावा खोडायचा तर तेवढीच पायपीट हवी!

आता आपल्याच परिसराकडे पाहा. मेहकरात शारंगधराने मेघंकर दैत्य मारला, लोणारात दैत्यसूदनाने लवणासुर. पंचवीसेक किलोमीटरच्या अंतरात दोन असुर, आणि दोघांनाही मारणारा विष्णूच. आधी कुणाचे ठाणे होते इथे? असुर म्हणजे कोण? ढेऱ्यांनी हेच विचारले असते. कवी ना. घ. देशपांडे यांनी मेहकरात वकिली करत ‘कंचनीचा महाल’ कवितेत आणला. पण कविता म्हणजे नोंद नव्हे.

जादूटोणाविरोधी कायदा 2013 मध्ये आला, तो हवाच होता. भोंदूला शिक्षा व्हावी. पण नजर उतरवणाऱ्या आजीलाही आपण त्याच माळेत ओवले, आणि ती नातवंडांसमोर गप्प झाली. गोष्ट नोंदवणे म्हणजे तिच्यावर विश्वास ठेवणे नव्हे, एवढे साधे कळायला हवे.

फार खर्च नाही. मराठीच्या प्राध्यापकांनी मुलांना दिवाळीच्या सुटीत घरी पाठवताना एकच काम द्यावे : मोबाइलवर आजीची गोष्ट तिच्याच वऱ्हाडीत, न सुधारता रेकॉर्ड करायची; गाव, वय, तारीख आणि तिने ती कुणाकडून ऐकली, हे वहीत टिपायचे. या दिवाळीलाच करा. पुढच्या दिवाळीला सांगणारी असेलच असे नाही.