होडी घ्यायला निघालात, तिकीट दुहेरीच काढा

परदेशात एखादी जुनी शिडाची होडी विकत घ्यायची आणि ती आपणच हाकत समुद्रमार्गे बाहेर काढायची, असं स्वप्न उराशी बाळगणारी मराठी माणसं मोजकी का होईना, पण आहेत. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१०मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. पाठोपाठ २०१२-१३मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच होडीतून ती कुठेही न थांबता पूर्ण केली. त्यानंतर हे वेड आपल्याकडे वाढलेलं मी पाहतोय आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण या वेडाबरोबर एक सल्लाही फिरतोय, आणि तो घातक आहे. “परत विमानाने यायचंच नाही तर परतीचं तिकीट कशाला? एकेरी काढ. काउंटरवर अडवलंच तर डमी तिकीट दाखव, सगळे तेच करतात.” या सल्ल्याच्या विरोधात मला लिहायचं आहे.

आधी पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडतो, कारण तो अगदीच पोकळ नाही. परतीच्या तिकिटाचा नियम विमानाने येऊन विमानाने जाणाऱ्या पर्यटकासाठी आहे, होडीने बाहेर पडणाऱ्याला तो लावणं अन्यायाचं आहे, असं एक म्हणणं. व्यापारी जहाजांवरचे खलाशी जन्मभर एकेरी तिकिटावर जगभर जातात, त्यांना कुणी अडवत नाही, हे दुसरं. डमी तिकिटाने कुणाचं काही बिघडत नाही, हे तिसरं. आणि चौथं म्हणजे हे सगळे जाच आपल्या पासपोर्टलाच, गोऱ्यांना कुणी विचारत नाही.

दुसरं म्हणणं तर माझं स्वतःचंच होतं. अठ्ठावीस वर्षं मी मर्चंट नेव्हीत काढली. खिशात सीडीसी म्हणजे खलाशाची नोंदपुस्तिका, हातात कंपनीचं जॉइनिंग लेटर, एजंटकडून आलेलं ‘ओके टू बोर्ड’, एवढ्यावर कुठल्याही बंदराला जायचं. परतीचं तिकीट मी कधी पाहिलंच नव्हतं. ती सवय घेऊन २०२३च्या वसंतात मी ग्रीसला होडी बघायला निघालो. व्हिसाच्या अर्जाला दुहेरी आरक्षणाचा कागद जोडला होता, कारण शेंगेनच्या व्हिसासंहितेप्रमाणे तो लागतो. व्हिसा हातात पडल्यावर ते आरक्षण मी रद्द होऊ दिलं आणि एकेरी तिकीट काढलं. आज त्याची मला लाज वाटते.

मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरची मुलगी माझ्या लेकीच्या वयाची असेल. तिने पासपोर्ट चाळला, पडद्यावर काहीतरी वाचलं आणि म्हणाली, “काका, रिटर्न?” मी सांगितलं, होडी घ्यायला चाललोय, तीच घेऊन ग्रीसबाहेर पडणार. तिने शांतपणे विचारलं, “होडी तुमच्या नावावर आहे का?” नव्हती. “पाहिली आहे का?” फोटोत. ती आणखी काही बोलली नाही, पडद्याकडे बघत राहिली. मागे रांग वाढत होती. त्या दोन प्रश्नांनी माझा सगळा युक्तिवाद जमीनदोस्त झाला, हे मला तिथे उभं असतानाच कळलं. मी तिथल्या तिथे परतीचं तिकीट काढलं, अर्थात महाग.

त्या मुलीच्या पडद्यावर काय असतं, ते माहीत असायला हवं. कुठल्या देशात कुठल्या पासपोर्टला काय लागतं, याची ‘टिमॅटिक’ नावाची यादी आयाटा ही विमान कंपन्यांची संघटना चालवते, आणि काउंटरवरचा निर्णय बहुधा त्या आधाराने होतो. कंपन्या इतकी काळजी घेतात याला कारण आहे. १९४४च्या शिकागो कराराच्या नवव्या परिशिष्टानुसार, प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत नेण्याची जबाबदारी त्याला आणणाऱ्या कंपनीवर पडते. युरोपात २००१च्या निर्देशाने सदस्य देशांना दंडाची चौकट घालून दिली आहे, त्यातला एक पर्याय माणशी किमान ३,००० युरोंचा. म्हणजे तिकीट विचारणाऱ्याला तुमच्या हेतूविषयी शंका असते असं नाही. तुम्हाला दारातून परत पाठवायची वेळ आली तर पैसे कोण भरणार, एवढंच त्याला हवं असतं.

आणि इथेच खलाशाची तुलना कोसळते. खलाशी एकेरी तिकिटावर जातो तेव्हा त्याच्यामागे जहाजाची कंपनी आणि बंदरातला एजंट उभा असतो. त्याच्या जाण्यायेण्याची हमी कुणीतरी लेखी घेतलेली असते. हौशी होडीवाल्याच्या मागे कोण असतं? कुणी नाही. व्यापारी जहाजांची बंदरातली कागदपत्रं सुटसुटीत करणारा १९६५चा आंतरराष्ट्रीय करार, ज्याला आम्ही ‘फाल’ म्हणतो, त्यात तर स्पष्टच लिहिलंय की तो युद्धनौकांना आणि हौशी नौकांना लागू नाही. माझी सीडीसी मी काउंटरवर पुढे केली होती. ती खरी होती, पण त्या प्रवासाशी तिचा काही संबंध नव्हता. मी कुठल्याही जहाजावर रुजू व्हायला चाललो नव्हतो. माणूस तोच असला तरी कागद दुसऱ्या कामाचा होता.

फ्रेंच पॉलिनेशियात हमीची हीच गोष्ट उघडपणे मांडली जाते. युरोपीय संघाबाहेरचा माणूस होडीने तिथे पोहोचला तर परतीचं तिकीट दाखवायचं किंवा तेवढी रक्कम अनामत ठेवायची, अशी तिथली रीत आहे. अनामत निघताना परत मिळते. मला ही पद्धत काउंटरवरच्या तोंडी मनधरणीपेक्षा जास्त सरळ वाटते.

आता माझा मुख्य मुद्दा. होडी *विकत घ्यायला* जाणारा माणूस विमानात बसतो तेव्हा तो होडीवाला नसतो. तो गिऱ्हाईक असतो. ग्रीसमध्ये प्रेवेझासमोरच्या अ‍ॅक्टिओला यार्डात शेकडो होड्या लोखंडी टेकूंवर उभ्या असतात, त्यातली माझी ठरलेली छत्तीस फुटी होती. सर्वेक्षक सकाळी आठला आला. प्लास्टिकचा छोटा हातोडा घेऊन तो डेकवर इंचाइंचाने ठोकत पुढे सरकला. टक, टक, टक. डोलकाठीच्या बुडाशी आला आणि आवाज बदलला. ढब. पुन्हा ठोकलं, पुन्हा ढब. त्याने खडूने वर्तुळ काढलं, ते वाढत वाढत ताटाएवढं झालं. फायबरच्या दोन थरांमधलं बाल्सा लाकूड पाणी पिऊन कुजलं होतं. सुकाणूच्या पात्याच्या खालच्या टोकातूनही पाणी झिरपत होतं, तपकिरी डाग जमिनीवर पडलेला. मी व्यवहार सोडला आणि सहाव्या दिवशी त्याच महागड्या तिकिटावर मुंबईला परत आलो.

एकेरी तिकीट घेऊन जाणारा गिऱ्हाईक जगाला सांगत असतो की सौदा होणारच. ते त्याला माहीत नसतं. सर्वेक्षण नापास होतं, इंजिन दगा देतं, विकणाऱ्याकडे मालकीचा पुरावा नसतो, बँकेचे पैसे वेळेत पोहोचत नाहीत. त्या क्षणी त्याच्या हातात खरा कागद एकच असू शकतो आणि तो दुहेरी तिकीट. बदलता येणारं, पैसे परत मिळणारं असेल तर उत्तमच. यावर मला उलट विचारलं जातं, की परत मिळणारं तिकीट काढून नंतर रद्द करणं आणि डमी दाखवणं यात फरक काय? फरक मोठा आहे. पहिल्यात मी पैसे भरलेले असतात, जागा माझ्या नावावर असते, आणि सौदा फिसकटला तर त्याच विमानाने मी परतणार असतो. डमी तिकीट म्हणजे दोन-तीन दिवसांत आपोआप गळून पडणारं आरक्षण. त्यावर कुणीही, कधीही, कुठेही जाणार नसतं. ते दाखवणं म्हणजे अधिकाऱ्यासमोर खोटा कागद ठेवणं. अमेरिकेच्या कायद्यात प्रवेशासाठी जाणूनबुजून केलेल्या खोट्या निवेदनाची शिक्षा आयुष्यभराची प्रवेशबंदी असू शकते. थोडे पैसे वाचवायला एवढी जोखीम घ्या म्हणून नवख्याला सांगणारा माणूस मला समजत नाही.

राहिला पासपोर्टचा प्रश्न. भारतीय पासपोर्टला जास्त कागद लागतात, ही वस्तुस्थिती आहे आणि ती बोचते. पण गोऱ्यांना कुणी विचारत नाही, हे साफ खोटं. माझा भाचा ब्रिटिश पासपोर्टवर अमेरिकेला गेला, फ्लोरिडातून होडी घ्यायला. व्हिसा नको, ऑनलाइन ‘एस्टा’ पुरे, असं त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं. एस्टाच्या व्हिसामाफीत पुढचं तिकीट लागतं, आणि ते कॅनडा, मेक्सिको किंवा कॅरिबियन बेटांपाशी संपलं तर सहसा चालत नाही, तिथला रहिवासी असल्याशिवाय. त्याहून मोठी अडचण ही, की ही माफी अमेरिकेशी करार केलेल्या वाहतूक कंपन्यांनी येणाऱ्यांनाच आहे. स्वतःची खासगी होडी त्या यादीत बसत नाही. म्हणजे परदेशातून स्वतःच्या होडीने अमेरिकेत नव्याने शिरायचं म्हटलं तर बी-१/बी-२ व्हिसाच लागतो. तो व्हिसा आपण भारतीय पहिल्यापासून मुलाखत देऊन घेतलेला असतो. या एका बाबतीत मुंबईहून गेलेला माणूस लंडनहून गेलेल्यापेक्षा पक्क्या पायावर उभा असतो. भाच्याला होडी यार्डात ठेवून लंडनला परतावं लागलं. वर, अमेरिकेच्या तटरक्षक दलाकडची संघीय नोंदणी फक्त तिथल्या नागरिकाच्या मालकीच्या होडीला मिळते, त्यामुळे ध्वजही दुसरा शोधावा लागला. तो विषय स्वतंत्र लेखाचा.

एक घोळ मात्र इथेच सोडवायला हवा, कारण त्यात चांगली जाणकार माणसंही अडकतात. होडीचा प्रवेश वेगळा आणि माणसाचा वेगळा. युरोपीय संघाबाहेर नोंदलेली, बाहेरच्या रहिवाशाची खासगी होडी तिथे १८ महिने करमुक्त राहू शकते. माणसाला मात्र शेंगेन क्षेत्रात कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच मिळतात. होडीचे दिवस शिल्लक आहेत म्हणून माणसाचे दिवस वाढत नाहीत. एकप्रवेशी व्हिसावर एकदा बाहेर पडलात की होडी तिकडे आणि तुम्ही इकडे. आणि व्हिसा असला तरी तो प्रवेशाचा आपोआप हक्क देत नाही, हे त्याच व्हिसासंहितेत नमूद आहे. सीमेवरचा अधिकारी पुन्हा सगळं विचारू शकतो.

ग्रीसमधला तो सौदा सोडल्यावर पुढच्या वर्षी मी तिथेच दुसरी होडी घेतली. तिकीट दुहेरी, व्हिसा बहुप्रवेशी, फाइलमध्ये ‘सर्वेक्षणाच्या अधीन’ असं लिहिलेला खरेदीकरार, सर्वेक्षकाची तारीख आणि यार्डाचं पत्र. काउंटरवर दोन मिनिटं लागली. सर्वेक्षण पास झालं, विक्रीखत झालं, तेव्हा परतीचं तिकीट रद्द केलं आणि पैसे परत आले. ऱ्होड्सला बंदर पोलीस, पासपोर्ट आणि कस्टम अशा तिन्ही खिडक्या फिरलो, बाहेर पडल्याचा शिक्का घेतला आणि मगच दोर सोडले. समोरचं तुर्कस्तानातलं मार्मारिस पंचवीसेक सागरी मैलांवर. त्या शिक्क्याला फार किंमत आहे. होडीने निघणाऱ्याच्या जाण्याची नोंद कुठलीही विमान कंपनी करत नाही, आणि नोंद नसेल तर कागदोपत्री तुम्ही अजून युरोपातच असता, ९० दिवस उलटून गेलेले. १२ ऑक्टोबर २०२५पासून युरोपने शिक्क्यांच्या जागी टप्प्याटप्प्याने संगणकीय नोंद आणायला सुरुवात केली, त्यामुळे आता मोजणी यंत्रच करतं.

होडीवाल्या ज्येष्ठांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्याकडे एखादा तरुण विचारायला येईल, पैसे साठवलेले असतील, डोळ्यांत समुद्र असेल. त्याला डमी तिकिटाचा पत्ता देऊ नका. त्याला चांगल्या सर्वेक्षकाचा पत्ता द्या, बहुप्रवेशी व्हिसा मागायला सांगा, आणि होडी त्याच्या नावावर होईपर्यंत परतीचं तिकीट त्याच्या खिशात राहू द्या.